श्रद्धेचे मोल कोणी द्यावे?

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून काही मैलांवर, तिरुविडैमरुदूर नावाचे एक प्राचीन क्षेत्र आहे. संस्कृतात त्याला मध्यार्जुन म्हणतात. तेथील महालिंगस्वामींचे देवालय चोळ राजांच्या काळापासून नावाजलेले आहे. परंतु महाराष्ट्रीय माणसाला ह्या गावाविषयी जिव्हाळा वाटावा, असे आणखीही एक कारण आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील अमरसिंह महाराजांना १७९८ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केले, तेव्हा ते ह्याच गावी येऊन राहिले. पुढे सुमारे अर्धशतकाने त्या राजकुळाच्या नात्यातील एका तरुणीने येथील देवाला नवस केला. प्रतापसिंह नावाच्या राजपुत्रावर तिचे मन जडले होते. त्याच्याशी आपला विवाह झाला तर देवापुढे लक्ष दीप लावीन, असा तो नवस होता. विवाह झाला. तिने लक्ष दीप लावले, आणि त्यांपैकीच एक म्हणून हाती दिवा घेतलेली स्वतःची पितळी मूर्ती देवाला अर्पण केली. ही हकीकत त्या दीपलक्ष्मीच्या पायथ्याशी कोरलेल्या १८५३ सालच्या तमिळ लेखात नमूद आहे.

ह्या हकीकतीतील प्रेमकथा मनोहर आहेच. पण आज मला तिच्यातील एक साधी, व्यवहारातील बाब आपल्यापुढे ठेवायची आहे. नवस तिचा होता, मनोरथ तिचा होता, आणि दिव्यांत जळलेले तेलही तिच्याच पदरचे होते. नवस बोलेल त्याने तो फेडावा, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. एकाने नवस बोलावा आणि उपवास मात्र दुसऱ्याने करावा, असे कोणी म्हटले, तर खेड्यातील निरक्षर माणूसही हसेल. परंतु हाच प्रकार कायद्याच्या भाषेत, सभ्य वेषात समोर आला, म्हणजे मोठमोठे न्यायाधीश त्यावर वर्षानुवर्षे विचार करीत बसतात आणि त्यांचेही एकमत होत नाही. असा एक वाद अमेरिकेत दशकाहून अधिक काळ चालू आहे. स्त्रियांच्या संततिनियमनाचा खर्च विम्यातून मिळावा काय, आणि मालकाच्या धर्मश्रद्धेला ते रुचत नसेल तर त्याला त्या बंधनातून सूट असावी काय, असा तो वाद आहे.

श्रोतेहो, हा वाद नीट समजण्यासाठी त्या देशातील वैद्यकीय विम्याची घडण थोडी ध्यानी घेतली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. कारखान्यांना माणसे तर हवी होती. तेव्हा वेतन वाढविता येत नाही, म्हणून मालकांनी आजारपणाचा विमा देऊ केला. त्यावर प्राप्तिकरही बसत नसे. युद्ध संपले, निर्बंध गेले, पण रीत कायम राहिली. आज तेथील सुमारे निम्मी प्रजा विम्यासाठी कोणा ना कोणा मालकावर विसंबून असते. म्हणजे हा विमा ही मालकाने खुशीने दिलेली बक्षिशी नसून, रोखीऐवजी दुसऱ्या रूपाने चुकता केलेला तो पगारच आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. कारण पुढचा सारा युक्तिवाद त्याभोवती फिरतो.

२०१० मध्ये तेथे आरोग्यसेवेचा नवा कायदा झाला. आजार होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी विमेदाराकडून वेगळी रक्कम न घेता पुरवावी, असे त्यात ठरले. स्त्रियांसाठी ह्या काळजीत काय काय यावे, हे वैद्यकशास्त्रातील जाणत्या मंडळींच्या एका समितीने सुचविले. आणि २०११ मध्ये सरकारने सर्व मान्यताप्राप्त संततिनियमन साधनांचा तीत समावेश केला. चर्चसारख्या प्रत्यक्ष उपासनेच्या संस्थांना प्रारंभापासून सूट होती. पण धर्मसंस्थांनी चालविलेली रुग्णालये, महाविद्यालये आणि वृद्धाश्रम ह्यांचे काय? तेथे परिचारिका असतात, कारकून असतात, झाडलोट करणाऱ्या बाया असतात. आणि त्या सर्व त्याच धर्माच्या असतात असे नाही. अशा संस्थांसाठी एक मधला मार्ग काढण्यात आला. संस्थेने आपला आक्षेप कळवावा, म्हणजे विमा कंपनी त्या संस्थेवर भार न टाकता ही सेवा परस्पर पुरवील.

ह्यानंतर एक व्यापारी कंपनी न्यायालयात उभी राहिली. ओक्लाहोमा राज्यातील 'हॉबी लॉबी' ही हस्तकलेचे साहित्य विकणारी पेढी. तिची पाचशेच्या वर दुकाने होती आणि सुमारे १३,००० नोकर होते. मालकी एका श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबाची. मान्यताप्राप्त वीस साधनांपैकी सोळांना ह्या कुटुंबाची हरकत नव्हती. उरलेल्या चारांना, म्हणजे समागमानंतर घ्यावयाच्या दोन गोळ्या आणि गर्भाशयात बसवावयाची तांबीसारखी दोन साधने ह्यांना होती. ह्यांमुळे फलित झालेले बीज रुजण्यापूर्वीच नष्ट होते, आणि बीज फलित झाले की जीव जन्मला, अशी त्यांची धारणा होती. नियम मोडल्यास दंड दिवसाला सुमारे तेरा लाख डॉलर होणार होता. ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ह्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. धर्मसंस्थांसाठी मधला मार्ग आहेच, तर तो ह्या मालकांनाही का मिळू नये, असा बहुमताच्या तर्काचा गाभा होता.

ज्या कायद्याच्या आधारे हा निकाल झाला, त्याची जन्मकथा उद्बोधक आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एका धर्मपंथात पेयोटी नावाच्या निवडुंगाचे सेवन हा पूजेचा भाग आहे. तसे केल्याबद्दल ऑरेगॉन राज्यात दोघांची नोकरी गेली आणि बेकारीचा भत्ताही त्यांना नाकारण्यात आला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्याने साऱ्या पंथांचे लोक अस्वस्थ झाले, आणि १९९३ मध्ये धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण करणारा कायदा झाला. दोन निर्धन, नोकरी गमावलेल्या माणसांचे गाऱ्हाणे हे त्या कायद्याचे मूळ होते. एकवीस वर्षांनी तीच ढाल एका धनाढ्य मालकाच्या हाती आली. दोन्ही प्रसंगी शब्द धर्मस्वातंत्र्याचाच होता. परंतु पहिल्या प्रसंगी श्रद्धा बाळगणाऱ्यांनी तिची किंमत स्वतः मोजली होती, आणि दुसऱ्या प्रसंगी ती किंमत दुकानात उभ्या असलेल्या नोकर स्त्रियांच्या पदरातून जायची होती. अल्पमताचे निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग ह्यांनी नेमक्या ह्याच गोष्टीवर बोट ठेवले. किमान वेतनावर राबणाऱ्या स्त्रीला गर्भाशयात बसवावयाच्या साधनासाठी जवळजवळ पूर्ण महिन्याचा पगार खर्चावा लागेल, हे त्यांनी दाखवून दिले.

मधल्या मार्गालाही पुढे आव्हान मिळाले. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा जोगिणींचा पंथ निराधार वृद्धांची शुश्रूषा करतो. भारतातही त्यांची सेवागृहे आहेत. त्यांची सेवा निःस्वार्थी आहे, ह्याविषयी कोणाचेच दुमत नाही. त्यांचे म्हणणे असे, की आक्षेपाचा कागद भरून देणे हेसुद्धा त्या कृत्याला वाट मोकळी करून देणे होय, आणि म्हणून तेही पापच. २०१६ मध्ये न्यायालयाने निर्णय टाळला व उभयतांनी तोड काढावी असे सुचविले. पुढे सरकार बदलले. धार्मिक किंवा नैतिक आक्षेप असलेल्या मालकांना संपूर्ण सूट देणारे नियम २०१८ मध्ये पक्के झाले, आणि ८ जुलै २०२० रोजी सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने सरकारचा तो अधिकार मान्य केला. ह्या सुटीमुळे ७०,५०० ते १,२६,४०० स्त्रियांचे विमासंरक्षण जाईल, असा अंदाज खुद्द सरकारचाच होता. २०२५ मध्ये पेनसिल्वेनियातील एका संघराज्यीय न्यायालयाने हे नियम पुन्हा रद्द ठरविले. वाद अजून मिटलेला नाही.

हे सारे दूरदेशीचे आहे, त्याच्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. पण ह्या प्रश्नाशी महाराष्ट्राची ओळख शंभर वर्षांची आहे. १९२१ मध्ये, लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. कर्वे तेव्हा विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. हे महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांनी स्थापन केलेले. आपल्या अध्यापकाने असल्या विषयाचा प्रचार करावा, हे चालकांना मानवले नाही. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला, आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. चालकांची श्रद्धा खोटी होती, असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्या श्रद्धेचे मोल कोणी दिले, ते पाहा. चालकांचे काही गेले नाही. घरी पगार येणे बंद झाले ते रघुनाथरावांच्या आणि मालतीबाईंच्या. कर्व्यांचे स्वतःचे व्रतही कडक होते. त्या व्रताचा खर्च मात्र त्यांनी कोणाच्या माथी मारला नाही. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी पदरमोड करून चालविले, खटले अंगावर घेतले, दंड भरले.

दुसरे उदाहरण वर्ध्याचे आहे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर ह्या अमेरिकन विदुषी गांधीजींना भेटण्यास वर्ध्याला आल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध होता आणि तो धर्मबुद्धीतूनच आलेला होता; संयम हाच एक मार्ग, ह्या मतावरून सँगरबाई त्यांना हलवू शकल्या नाहीत. गांधीजींचे मत आपल्याला पटो वा न पटो, परंतु त्यांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी आपला आग्रह प्रथम स्वतःच्या देहावर चालविला, आणि इतरांपुढे तो मांडला तो उपदेशाच्या व लेखणीच्या मार्गाने. श्रद्धेचा हा रास्त मार्ग आहे. ज्याला पटेल तो मानील, ज्याला पटणार नाही तो आपल्या वाटेने जाईल.

आता ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. कायद्याने सदसद्विवेकाला सूट द्यावयाचीच नाही, असे कोणी म्हणू लागला, तर त्याला आपल्याच राज्याचा इतिहास दाखवावा लागेल. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, हे आपले भाग्य. पण कायदा नसतानाही १९७६-७७ ह्या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतील कित्येक कशा झाल्या हे त्या काळच्या माणसांना ठाऊक आहे. सरकारचा हात माणसाच्या देहापर्यंत पोहोचतो, तेव्हा 'माझ्या धर्मात हे बसत नाही' हे शब्द दुबळ्या माणसाचे अखेरचे आश्रयस्थान असतात. ते मोडून टाकण्याची घाई कोणी करू नये.

मग मर्यादा कोठे आखावयाची? मला वाटते, हात आणि पैसा असा भेद केला, तर पुष्कळसा गुंता सुटतो. एखाद्या कॅथलिक शल्यवैद्याला नसबंदीची शस्त्रक्रिया करणे पाप वाटत असेल, तर त्याच्या हातात बळेने शस्त्र देऊ नये. तो हात त्याचा आहे. रुग्णाने दुसऱ्या वैद्याकडे जावे, आणि दुसरा वैद्य जवळपास मिळेल ह्याची तजवीज समाजाने करावी. पगाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. पगार चुकता झाला, की तो पैसा मालकाचा राहत नाही. शाकाहारी शेठजींच्या पेढीवरील कारकून आपल्या पगारातून मासे आणतो. त्या माशांचे पाप शेठजींना लागते, असे आजवर कोणत्याही धर्मशास्त्राने सांगितलेले नाही. विम्याचा हप्ता हा पगाराचाच भाग असेल, तर त्यातून कोणती सेवा घ्यावयाची, हा त्या बाईच्या विवेकाचा प्रश्न ठरतो. विवेक मालकाला जसा असतो तसा तिलाही असतो. अमेरिकेतील त्या प्रदीर्घ वादात मालकाच्या श्रद्धेची चर्चा शेकडो पाने झाली. पण किती अपत्ये वाढविणे आपल्या हातून धर्माने होईल, असा विचार करणाऱ्या आईची श्रद्धा ही श्रद्धा म्हणून क्वचितच मोजली गेली.

आपल्या राज्यघटनेने ह्या बाबतीत मोठा समतोल साधला आहे. पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सर्वांना दिले. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या अधीन ठेवले. आरोग्य हा शब्द तेथे सहज पडलेला नाही. आपल्या कामगार राज्य विम्याची रचनाही ह्याच वृत्तीची आहे. १९४८ च्या कायद्याने तो सुरू झाला. २०१९ पासून मालकाच्या हिश्श्याचा दर वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराच्या हिश्श्याचा ०.७५ टक्के झाला. दोन्ही रकमा एका सामाईक निधीत पडतात, आणि एकदा तेथे पडल्यावर कोणता रुपया कोणत्या धर्माच्या मालकाचा, हे कोणी विचारीत नाही. नसबंदी करून घेणाऱ्या विमेदार पुरुषाला सात दिवस आणि स्त्रीला चौदा दिवस पूर्ण वेतनाइतका लाभ ह्या योजनेतून मिळतो. सरकारी आरोग्यकेंद्रांत तर तांबी, गोळ्या व निरोध विनामूल्य मिळतात. मालकाच्या देवघरातून जाणारी वाट आपण ठेवलीच नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि, ह्या समाधानात फार काळ रमता येत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबे आज खाजगी कंपन्यांचा आरोग्यविमा घेतात. त्यातून कोणत्या बाबी वगळता येतात, ह्याची प्रमाण शब्दरचना विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिली. त्या यादीतील सतराव्या कलमात वंध्यत्वावरील उपचारांच्या जोडीने सर्व प्रकारचे संततिनियमन आणि नसबंदीही आहे. म्हणजे अमेरिकेत जी सूट मिळविण्यासाठी श्रद्धाळू माणसे दहा दहा वर्षे न्यायालयात झगडली, ती आपल्याकडील विमा कंपनीला एका ओळीत मिळाली आहे; आणि तिने तर कोणत्याही देवाचे नावसुद्धा घेतलेले नाही. हा खर्च आजारपणाचा नव्हे, असे समर्थन त्यावर केले जाते. पण नको असलेले बाळंतपण, त्यातील धोके आणि अशक्त झालेली प्रकृती ह्यांचा हिशोब कोणत्या वहीत मांडावयाचा?

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे संततिनियमनासाठी विमा नव्हता, तेव्हाही संततिनियमनात झालेल्या चुकांसाठी मात्र तो काढावा लागला. हरियाणातील एका मजूर स्त्रीवर सरकारी रुग्णालयात नसबंदी झाली. दोहोंपैकी एकाच बाजूच्या नलिकेवर शस्त्रक्रिया झाल्यामुळे तिला पुन्हा मूल झाले. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला भरपाईचे दायित्व टाळू दिले नाही. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने शस्त्रक्रियांच्या दर्जाबाबत आदेश दिले, आणि त्यानंतर मृत्यू, अपयश वा गुंतागुंत ह्यांसाठी विमा योजना सुरू झाली. २०१३ पासून विमा कंपनीला दूर करून राज्य सरकारेच ही भरपाई देऊ लागली. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यानंतर तेरा जणींनी प्राण गमावले. भरपाईची रक्कम कितीही ठरविली, तरी ती त्या तेरा घरांतील चुली पेटवू शकत नाही.

ह्या साऱ्यामागे एक आकडा आहे, तो मनाला लागतो. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी सुमारे अडतीस जणींनी स्वतः नसबंदी करून घेतली होती. पतीने नसबंदी करून घेतल्याचे प्रमाण हजारी तीन इतकेच होते. तमिळनाडूत तर निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रिया ह्या एका शस्त्रक्रियेवर विसंबून आहेत. ही शस्त्रक्रिया पुरुषावर करणे अधिक सोपे आणि कमी धोक्याचे आहे, हे वैद्य किती वर्षे सांगत आहेत. तरीही घरोघर हा भार स्त्रीच उचलते. येथे सूट मागणारा कोणी मालक नाही, चर्च नाही, जोगिणींचा पंथ नाही. येथे सूट घेतली आहे ती नवऱ्याने, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही न्यायालयात अर्ज करावा लागलेला नाही.

श्रद्धा ही मोठी गोष्ट आहे. तिच्यासाठी माणसे उपाशी राहिली, नोकऱ्यांवर पाणी सोडून आली, तुरुंगात गेली. म्हणूनच ती आदरास पात्र ठरली. जी श्रद्धा आपले मोल दुसऱ्याकडून वसूल करू पाहते, तिने ह्या आदरावर हक्क सांगू नये. कायदेपंडितांनी आपले कलम नीट करावे, विमा नियामकांनी आपल्या यादीतील सतराव्या ओळीचा फेरविचार करावा, हे योग्यच होईल. पण तोवर आपण आपल्या घरी एवढे तरी करू शकतो: कुटुंब किती असावे आणि त्यासाठी काय करावे, हे ठरविताना जिच्या देहावर तो निर्णय होणार, तिला आधी विचारावे, आणि ती बोलू लागली, म्हणजे तिचे ऐकावे.